संकट सरेल, हेतू उरेल काय?



अलीकडे विहारात रविवारची वंदना आटोपली, की पायरीवर चपला घालता घालता कोणी ना कोणी आई-बाप मला थांबवतात आणि विचारतात, "गुरुजी, पोराला बाहेर पाठवावे काय?" पूर्वी आपल्या वस्तीत 'बाहेर' म्हणजे मुंबई होती. गावकीचे जोखड टाकून आपले आजे-पणजे गिरणीत, गोदीत, रेल्वेत आले आणि त्या बाहेर पडण्यानेच आपल्याला माणूसपणाचा पहिला घास मिळाला. आता 'बाहेर' म्हणजे दुबई, जर्मनी, कॅनडा, इस्राएल, अमेरिका. प्रश्न मोठा आहे आणि त्यावर आई-बापांचे घर, दागिने, भविष्यनिर्वाह निधी पणाला लागलेला असतो. पायरीवर उभे राहून त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

कोणी म्हणेल, परदेशी जाण्याचा आणि धम्माचा संबंध काय? संबंध आहे. निर्णय मनात होतो, आणि मनाला वळण लावणे हेच धम्माचे काम आहे.

प्रथम हे पाहू, की जगाचे संकट आपल्या घरात शिरते कसे. तथागतांनी कार्यकारणाचा नियम सांगितला. कोणतीही गोष्ट देवाच्या मर्जीने होत नाही, कपाळावर लिहिले म्हणूनही होत नाही. कारण असते म्हणून कार्य घडते. दीक्षा घेऊन दोन पिढ्या झाल्या तरी आपल्यातली काही कुटुंबे अजून चोरून पत्रिका दाखवतात आणि 'परदेशगमनाचा योग' विचारतात. बंधूंनो, तो योग पत्रिकेत नसतो. तो कुठे असतो ते पाहा.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देश आणि इस्राएल यांचे युद्ध झाले. त्यानंतर काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. आखाती देशांत पैसा आला, तेथे बंदरे, रस्ते, इमारती उभ्या राहू लागल्या आणि केरळातून, कोकणातून तरुण माणसे तिकडे निघाली. त्यांच्या घरावर कौलाच्या जागी स्लॅब पडला तो त्या युद्धाच्या परिणामाने. पुढे २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. तेव्हा १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. अनेकांच्या आयुष्याची जमवाजमव तिथेच राहिली. एका संकटाने दार उघडले, दुसऱ्याने ते तोंडावर लावले.

अलीकडचे पाहा. आपल्याकडे खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाची फी गरिबाला झेपत नाही, म्हणून हजारो मुले युक्रेनला गेली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने हल्ला केला तेव्हा तेथे सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थी होते. मुले तळघरांत बसून राहिली, थंडीत मैलोगणती चालत सीमेवर पोहोचली. १ मार्च रोजी खार्किव शहरात कर्नाटकचा एक विद्यार्थी मारला गेला. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेत सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. जीव वाचला, पण शिक्षण मधेच तुटले. कोणी दुसऱ्या देशातील विद्यापीठात गेले, कोणी युद्ध चालू असतानाच पुन्हा युक्रेनला गेले. अखेरच्या वर्षाच्या मुलांना येथील परीक्षेला बसण्याची सवलत मिळाली, तीही सर्वोच्च न्यायालयात झगडल्यावर, २०२३ मध्ये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलवर हमासचा हल्ला झाला आणि गाझात युद्ध पेटले. इस्राएलने पॅलेस्टिनी मजुरांना कामावर येण्यास बंदी केली. बांधकामे थांबली. मग २०२४ मध्ये हरियाणात आणि उत्तर प्रदेशात गवंडी, सुतार, लोखंड बांधणारे यांच्या चाचण्या सुरू झाल्या. महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये पगार सांगितला गेला. पुढे महाराष्ट्रातही अशी भरती झाली. तिकडे ४ मार्च २०२४ रोजी इस्राएलच्या उत्तर सीमेवरील एका शेतात क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार ठार झाला.

कॅनडात घरांची टंचाई झाली, तशी तेथील सरकारने २०२४ च्या जानेवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ डॉलर केली. अमेरिकेत १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्षांनी फर्मान काढून एच-वन-बी या नोकरीच्या परवान्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. एका सहीने कितीतरी घरांतील बेत बदलले.

या साऱ्यात तुमच्या मुलाचा दोष कोणता? काहीच नाही. त्याने केलेले पुण्य किंवा पाप यात कुठेही नाही. लांबची कारणे आहेत, त्यांचे कार्य आपल्या ओसरीवर येऊन पडते. एवढे समजले की दोन गोष्टी आपोआप सुटतात. ज्याचे जमले त्याने गर्वाने फुगू नये आणि ज्याचे फसले त्याने स्वतःला करंटा म्हणू नये.

पण मग माणसाच्या हाती काही उरते की नाही? उरते. ते समजण्यासाठी एका तरुणाची गोष्ट पाहू. आपल्याला ती पाठ आहे, पण या अंगाने आपण ती क्वचितच पाहतो.

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आले, ही जुनी कथा बाबासाहेबांनी आपल्या बुद्धीला पटवून घेतली नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण सांगितले आहे. शाक्य आणि कोलिय या दोन गणांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्ध करण्याचे ठरवले. सिद्धार्थ त्या संघाचा सभासद होता. त्याने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असा तोडगा त्याने मांडला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. मग वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात भरती व्हावे असा प्रस्ताव आला, आणि सिद्धार्थाने नकार दिला. शिक्षा कठोर होती. त्याच्या घरच्यांना वाळीत टाकणे आणि जमीन जप्त करणे हीही त्यात होती. तेव्हा तो म्हणाला, की दोष माझा आहे, शिक्षा मला द्या, माझ्या माणसांना नको. आणि त्याने देश सोडून परिव्राजक होण्याचे पत्करले.

पाहा, येथेही पाण्याचे संकट आहे, युद्ध आहे, सक्तीची भरती आहे आणि देश सोडणारा एक तरुण आहे. तो मध्यरात्री कोणालाही न सांगता निघून गेला नाही. त्याने आई-वडिलांना सांगितले. यशोधरेशी बोलला, आणि तिने त्याला धीर दिला. गृहत्याग झाला तो घरच्यांना विश्वासात घेऊन.

पुढचा भाग फार महत्त्वाचा आहे. राजगृहात असताना त्याला पाच परिव्राजकांनी बातमी सांगितली, की शाक्य-कोलियांत समेट झाला, युद्ध टळले, आता तू घरी परत जाऊ शकतोस. ज्या संकटाने त्याला बाहेर काढले ते संकट सरले. मग तो परतला काय? नाही. त्याने विचार केला, की राष्ट्राराष्ट्रांतील झगडे कधीमधी होतात, पण वर्गावर्गांतील झगडा नित्य चालू असतो, आणि माणसाच्या दुःखाचे मूळ तेथे आहे. त्या दुःखाचा उपाय शोधणे हा त्याचा हेतू झाला होता. संकट संपले, हेतू उरला. म्हणून तो पुढे चालत राहिला आणि बुद्ध झाला.

आता आपल्या उद्धारकर्त्याकडे पाहा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. १९१६ मध्ये लंडनला गेले. तेव्हा युरोपात पहिले महायुद्ध धडधडत होते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. समुद्रात जर्मन पाणबुड्यांची दहशत होती. ते स्वतः सुखरूप आले, पण त्यांचे सामान आणि प्रिय ग्रंथ ज्या जहाजात होते ते जहाज बुडवले गेले. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून हाकलून देण्यात आले. युद्धाने पुस्तके नेली आणि जातीने निवारा नेला.

दुसरा कोणी म्हणाला असता, नशीबच खोटे. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले, बॅरिस्टर झाले आणि परत येऊन आपल्यासाठी उभे राहिले. इकडे रमाईने उपासमार सोसून संसाराचा गाडा ओढला. परदेशी गेला एक माणूस, पण ते शिक्षण दोघांच्या कष्टाचे होते.

बंधूंनो, मला जे सांगायचे आहे ते एवढेच. संकट दार उघडते आणि संकटच दार बंद करते. ते आपल्या हाती नाही. आपण त्या दाराशी कोणत्या हेतूने जातो, हे आपल्या हाती आहे. निर्णयाच्या मुळाशी निव्वळ भीती असली, म्हणजे 'इथे काही खरे नाही, सारेच चालले' असे असले, तर ती भीती विमानात आपल्या शेजारी बसून येते. मुळाशी निव्वळ तृष्णा असली, शेजारच्याने फोटो पाठवला म्हणून आपलाही पाहिजे असे असले, तर पहिल्याच वादळात निर्णय मोडतो. हेतू असला तर वादळात मार्ग बदलतो, माणूस मोडत नाही.

म्हणून ज्या घरात हा विषय निघाला असेल, त्यांनी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. आई, बाप, लेक, सून, म्हातारी, सर्वांनी. आणि तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: आज जे संकट किंवा जी संधी दिसते आहे ती उद्या नाहीशी झाली, तरी हे करायचे आहे काय? मुलाला परिचारिकेचे काम खरोखर शिकायचे असेल, तर जर्मनीचे दार आज उघडे असो वा उद्या बंद होवो, त्याची विद्या त्याच्याजवळ राहील. पण केवळ 'सध्या तिकडे घेत आहेत' एवढेच उत्तर येत असेल, तर थांबावे. 'सध्या' हा शब्द अनित्य आहे.

दुसरा प्रश्न: हे ऐकीव आहे की तपासलेले आहे? केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी शिकवले, की पुष्कळ लोक सांगतात म्हणून, किंवा सांगणारा मोठा दिसतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. स्वतः बुद्धांचे सांगणे पारखून घ्यायचे, तर मग एजंटाचे का घेऊ नये? परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारचा परवाना लागतो, आणि तो सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येतो. नियमाप्रमाणे तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. दोन-तीन लाख मागणारा आणि पावती न देणारा माणूस कितीही 'जयभीम साहेब' म्हणत आला, तरी त्याला पायरीवरूनच परत पाठवावे. परदेशात डॉक्टरी शिकायची असेल तर २०२१ चे नियम आधी वाचावे: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, तेथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, नंतर भारतातील परीक्षा आणि येथेही १२ महिने. प्रवेशाचे पत्र म्हणजे डॉक्टरकी नव्हे.

न तपासण्याची किंमत किती आहे, तेही ऐका. म्यानमारमध्ये २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि देशात यादवी माजली. त्या अंदाधुंदीत थायलंडच्या सीमेवर फसवणुकीचे कारखाने फोफावले. 'संगणकाची नोकरी, थायलंडमध्ये' असे सांगून तरुणांना नेले, पारपत्रे काढून घेतली आणि लोकांना दूरध्वनीवर फसवण्याच्या कामाला जुंपले. २०२५ च्या मार्चमध्ये दोन विमानांनी ५४९ भारतीयांना तेथून सोडवून आणले. ही मुले लोभी नव्हती, बेकार होती. बेकारीच्या दुःखावर कोणीतरी दुकान मांडले होते.

तिसरा प्रश्न: ही कमाई कशाची, आणि बोजा कोणाच्या डोक्यावर? सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले. आजच्या काळात त्याचा अर्थ वाढवून घ्यावा लागतो. ज्या कामात दुसऱ्याला लुबाडावे लागते ते काम दुसरे आणि चौथे शील मोडते, पगार कितीही असो. ज्या मजुराला बंदी घालून हाकलले त्याच्या जागेवर आपण उभे राहतो आहोत काय, हेही जाणून घ्यावे. भुकेल्या गवंड्याला मी दोष देणार नाही. पोटाला भाकर लागते, आणि उपदेश करणाऱ्याचा पगार पहिल्या तारखेला होतो हे मी विसरत नाही. पण जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे, एवढेच म्हणणे आहे.

आणि बोजा! आमच्या घराण्यात पहिली पदवी माझ्या हाती आली, म्हणून पहिल्या पदवीसाठी आई काय काय विकते ते मी पाहिले आहे. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी संसाराचा हिशेब सांगितला: मिळकतीचे चार भाग करावे, एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावे आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा. आपल्यातली अनेक घरे परदेशाच्या नावाने चारही भाग एकदम लावतात आणि पाचवा सावकाराकडून आणतात. मग युद्ध होते, साथ येते, नियम बदलतो, आणि राखून ठेवलेले काही नसते. राहते घर गहाण ठेवून पोराला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी हक्काचे मागावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दर वर्षी ७५ विद्यार्थी त्यात घेतले जातात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे तो आपला हक्क आहे. मात्र तेथेही डोळे उघडे हवेत. २०२५ मध्ये केंद्राच्या निवडीत १०६ विद्यार्थी आले आणि सुरुवातीला पत्रे ४० जणांनाच मिळाली, बाकीच्यांना निधीची वाट पाहा असे सांगितले गेले. त्याविरुद्ध आवाज उठला तेव्हा हालचाल झाली. हक्क मिळवावा लागतो आणि राखावाही लागतो.

आणखी एक भ्रम सोडा. समुद्र ओलांडला की जात धुऊन निघते असे पुष्कळ तरुणांना वाटते. तसे असते तर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला नसता. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरात त्यावर सही केली नाही. जात पारपत्राशिवाय प्रवास करते. म्हणून जाणाऱ्याने तिकडे आपली माणसे शोधावी, एकटे पडू नये, आणि आपण कोण हे लपवू नये.

शेवटी मागे राहणाऱ्यांविषयी आणि परत येणाऱ्यांविषयी. करोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यापासून सरकारी विमानांनी लाखो माणसे परत आली. त्यांतले कित्येक वस्तीत तोंड चुकवून फिरत होते, कारण शेजारी विचारत होते, "का रे, परत आलास?" हा प्रश्न विचारणे ही हिंसा आहे. युक्रेनहून परतलेली मुलगी, दुबईहून काम सुटून आलेला वेल्डर, शिष्यवृत्ती हुकलेला पोर, यांना विहाराने जवळ घ्यावे. त्यांनी पाहिलेले जग त्यांना दहावी-बारावीच्या मुलांसमोर सांगू द्यावे. दहावीचेच एक सांगतो. दहावी झालेल्या माणसाच्या पारपत्राला मजुरांसाठीच्या १८ देशांच्या स्थलांतर-तपासणीची अट लागत नाही. ही सवलत आहे, पण त्यामुळे सरकारी राखण कमी होते, आणि स्वतःची राखण स्वतः करावी लागते. शिक्षणाने मोकळीक येते तशी जबाबदारीही येते.

जो मुलगा जाणार नाही, गावातच शेळ्या पाळील, तालुक्याला दुकान टाकील, शिक्षक होईल, त्याला कमी लेखू नका. हेतू असलेला माणूस जेथे उभा असतो तेथेच त्याची वाट सुरू होते. जाणाऱ्याला निरोप देताना हार-तुरे कमी करा, पण एक वचन मागून घ्या, की तुझ्या पहिल्या स्थिर पगारातून वस्तीतल्या एका मुलीच्या फीची सोय होईल. हे वचन जो आनंदाने देईल, त्याचा हेतू शाबूत आहे असे समजा आणि त्याला निर्धास्तपणे जाऊ द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.